माझ्या खोलीतलं माल्टहाउस

धान्याला मोड यायला लागले की खोलीत काकडी चिरल्यासारखा वास सुटतो. हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. मी त्या वासात झोपलेलो आहे. म्हणजे झोपायचा प्रयत्न केलेला आहे आणि शेवटी उशी काखोटीला मारून हॉलमधल्या सोफ्यावर गेलेलो आहे. सिंगापुरातल्या यिशुनच्या आमच्या फ्लॅटमधली माझी खोली त्या दिवसांत माझी राहिली नव्हती. तिथे जमिनीवर आत्याच्या जुन्या सुती साड्या अंथरलेल्या असत आणि त्यांवर दोन बोटं जाडीचा नाचणीचा थर पसरलेला असे. माझा पलंग भिंतीला उभा टेकवलेला. एअरकॉन मात्र चालू. माझ्यासाठी नव्हे, नाचणीसाठी.

आता मला एमआरटीच्या डब्यात शिरलो की पोरीबाळी उठून जागा देतात. मी आधी जरा तोऱ्यात नाही म्हणतो आणि मग बसतो. या वयात माणसानं आपल्या तरुणपणाबद्दल चार बऱ्या गोष्टी लिहाव्यात अशी रीत आहे. माझी अडचण अशी, की त्या दोन-अडीच वर्षांतलं मला सगळ्यात ठसठशीत काय आठवत असेल, तर तो माझा जळफळाट. नोकरी आठवते ती धूसर. एका बँकेच्या मागच्या दालनात बसून मी आकड्यांना आकडे जुळवत असे. जळफळाट मात्र कालचा वाटतो. आणि ज्याच्यावर मी जळत होतो तो अमोघ आजही दर शनिवारी माझ्याकडे चहाला येतो, आणि आजही माझ्यापेक्षा बारीक आहे.

आत्या आणि काका सिंगापुरात फार आधी आले होते. काका हिशेबनीस, मितभाषी, रविवारी सकाळी इमारतीखालच्या कट्ट्यावर चिनी म्हाताऱ्यांचा बुद्धिबळाचा डाव बघत उभे राहणारे. त्यांची एकुलती एक मुलगी मुग्धा लग्न होऊन सेरंगूनला गेली होती. मी तिचा मामेभाऊ. साताऱ्याहून नोकरीसाठी आलो तो सरळ आत्याच्या घरी, आणि वर्षानुवर्षं पाय न हलवता तिथेच राहिलो. घरात एक खोली उरत होती. ती काकांनी अमोघला भाड्यानं दिली. अमोघ पुण्याचा इंजिनियर, ऑफिस जुरोंग ईस्टला. रोज बेटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन यायचा आणि तरी घरी येताना ताजातवाना. मी दोन स्टेशनं जाऊन येत असे आणि दारातच आडवा होत असे.

आत्या त्याला 'अहो अमोघ' म्हणायची. "अहो अमोघ, भाजी घ्या ना अजून." मला म्हणायची, "मिल्या, पातेलं पुसून खाऊ नकोस, उद्याला राहू दे." दोन्ही वाक्यं एकाच श्वासात.

मुग्धाला मुलगा झाला. ईशान. चाळीस दिवस ती माहेरी राहिली आणि घरभर शेक-शेगडीचा, डिंकाचा, बाळंतशोपेचा वास भरला. ती सेरंगूनला परत गेल्यावर आत्याला एकच ध्यास लागला: उष्टावण. आमच्या घराण्यात बाळाच्या तोंडातला पहिला घास म्हणजे नाचणीच्या सत्त्वाची खीर. नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, मंद भाजायची, दळून वस्त्रगाळ करायची. आणि ती खीर मामानं भरवायची. बाळ मामाच्या मांडीवर, सोन्याची अंगठी खिरीत बुडवून पहिलं बोट त्याच्या जिभेवर. हे मला पाठ होतं. मुग्धाला सख्खा भाऊ नाही, म्हणजे मामा मी, असा माझा सरळ हिशेब होता. मी तर एक झब्बाही शिवून ठेवला होता.

आत्यानं साताऱ्याच्या पद्धतीनं नाचणी भिजवली, फडक्यात घट्ट बांधली आणि स्वयंपाकघरात टांगली. साताऱ्याला थंडीत ती अशीच टांगतात आणि सोडली की आत मोत्यांसारखे मोड. यिशुनच्या दमट उकाड्यात सोडली तेव्हा आत चिकट, आंबूस गोळा. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा आत्या पुरचुंडी घेऊन कचरा टाकायच्या भिंतीतल्या झाकणापाशी नुसती उभी राहिली. "माझ्या नातवाला मी डब्यातलं घालू?" ती म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. मी सांत्वन म्हणून म्हणालो, "आत्या, मुस्तफा मॉलच्या बाजूच्या दुकानात छान पाकिटं मिळतात." ती माझ्याकडे ज्या नजरेनं बघायला लागली ती नजर मी पुढे फक्त एकदाच पाहिली, आणि ती गोष्ट येतेच आहे.

तेव्हा अमोघ जेवता जेवता म्हणाला, "काकू, मी इंग्लंडमध्ये होतो तेव्हा एका माल्टहाउसमध्ये राहायचो."

"कसलं हाउस?" काकांनी विचारलं.

आणि मग तो सुरू झाला. त्याच्या कंपनीनं त्याला आधी दोन वर्षं तिकडे एका लहान गावात पाठवलं होतं, आणि भाड्यानं मिळालेली खोली होती ती एका जुन्या, लांबच लांब, बुटक्या इमारतीत. तिथे पूर्वी सातू भिजवून मोड आणायचे. दगडी हौदात धान्य भिजत घालायचं, मग ते आख्ख्या मजल्यावर पसरायचं, पायाच्या घोट्यापर्यंत येईल एवढा थर. माणसं मऊ तळाचे बूट घालून, लाकडी फावड्यांनी ते दिवसातून कितीदा तरी परतायची. कारण मोड येताना धान्य स्वतःच तापतं. ढीग करून ठेवलंत की आतल्या आत उकडून मरतं. खिडक्या लहान, झडपांच्या. वारा किती आत घ्यायचा ते त्या झडपांवर ठरायचं. उन्हाळ्यात काम बंद. थंडी पडली की पुन्हा सुरू. मोड हवे तेवढे आले की ते धान्य शेजारच्या भट्टीवर, भोकं पाडलेल्या फरश्यांवर पसरून सुकवायचं. त्या भट्टीचं छप्पर शंकूसारखं निमुळतं, टोकाला वाऱ्याबरोबर फिरणारी टोपी. पुढे मोठे कारखाने आले आणि ही घरं रिकामी पडली. एकात कबुतरं, एकात जुन्या फर्निचरचं दुकान, एकात गाण्याच्या बैठकी व्हायला लागल्या कारण जाड भिंती आवाज छान धरतात. आणि अमोघ राहायचा त्या इमारतीत फ्लॅट झाले होते. "हिवाळ्यात हीटर लावला ना काकू, की भिंतींतून भाजलेल्या बिस्किटासारखा वास यायचा. शंभर वर्षं मुरलेला."

टेबलावर कुणी घास घेत नव्हतं. काकांची आमटी गार झाली होती. मला गेल्या महिन्यात बढती मिळाली होती तेव्हा ह्याच टेबलावर काका "हं, मीठ दे" म्हणाले होते.

"म्हणजे शेवटी ते दारूसाठीच ना?" मी म्हणालो. माझ्या मते हा ब्रह्मास्त्राचा वार होता. आत्याच्या घरात खोकल्याचं औषधसुद्धा, दारूचा वास नाही ना हे हुंगून, मगच आत यायचं.

"दारूसाठी, पावासाठी, सिरक्यासाठी, लहान मुलांच्या दुधात घालायच्या पावडरीसाठी," अमोघ शांतपणे म्हणाला. "धान्याला काय माहीत, पुढे त्याचं काय होणार आहे."

आत्या हसली. "अहो अमोघ, मग आपण जमिनीवर पसरून बघू या?"

"थंड खोली हवी. उत्तरेची. आणि एअरकॉन कायम चालू ठेवणारा माणूस."

तिघांनीही माझ्याकडे बघितलं.

अशा रीतीनं माझ्या खोलीचं माल्टहाउस झालं. अमोघची खोली का नाही, असं मी विचारलं तेव्हा आत्या दबक्या आवाजात म्हणाली, "अरे, ते पाहुणे आहेत." पाहुणा दोन वर्षं राहत होता. पण त्या नाचणीचं बाकी काय सांगू. पहिल्याच खेपेला इवलेसे पांढरे कोंब आले, सगळे एकसारखे, साडीच्या जुन्या निळ्या काठावर दव पडल्यासारखे. आत्या गुडघ्यांवर बसून हाताच्या तळव्यानं ती अलगद परतायची, तिच्या शेजारी अमोघ लाकडी उलथणं घेऊन, आणि दोघं कुजबुजत बोलायची, देवघरात बोलावं तसं. मी दारात उभा. माझ्याच खोलीच्या दारात. मला पाऊल टाकायचीही परवानगी नव्हती, कारण माझ्या चपला जड होत्या म्हणे.

हे सगळं मी गिळलं असतं. पण एका संध्याकाळी मुग्धा बाळाला घेऊन आली होती, अमोघ त्या पोराला खांद्यावर टाकून कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारत होता, आणि काका पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "उष्टावणाला अमोघलाच बसवा की मामा म्हणून. भाऊबीजेला ओवाळलंच आहे तू त्याला. आणि सत्त्वही त्यानंच केलंय."

मुग्धा म्हणाली, "बघू या."

बघू या! मला त्या दोन शब्दांनी जेवण गेलं नाही. म्हणजे गेलं, पण चव लागली नाही. झब्बा कपाटात लटकलेला होता आणि कपाट माल्टहाउसमध्ये होतं. सोफ्यावर पडल्या पडल्या मी विचार केला आणि उत्तर लख्ख दिसलं: सत्त्व मामानं केलेलं हवं ना? मग मामा करेल. त्याच्याहून चांगलं. आणि तेही आमच्या, सातारच्या पद्धतीनं. विलायती दारू गाळणाऱ्यांच्या नव्हे.

मी आईला फोन लावला. "फडक्यात बांध, टांगून ठेव, झालं," आई म्हणाली. "त्यात काय अक्कल लागते?" मला एवढं पुरेसं होतं. आत्याची खेप तीनदा बिघडली होती हे मी विसरलो नव्हतो. फक्त माझं म्हणणं असं होतं की ती हळवी आहे, तिनं फडकं सैल बांधलं असणार. शनिवारी आत्या-काका देवळात आणि अमोघ बाजारात गेलेला बघून मी भिजवलेली नाचणी माझ्या जुन्या पंचात आवळून बांधली. प्रश्न होता, टांगायची कुठे. स्वयंपाकघरात दिसली असती. माझ्या खोलीत शत्रूचा तळ. उरलं बॉम्ब शेल्टर.

इथल्या फ्लॅटमध्ये अशी एक कोंदट खोली असते: जाड काँक्रीटच्या भिंती, लोखंडी दार, युद्ध झालं तर कुटुंबानं आत बसावं म्हणून बांधलेली. युद्ध काही होत नाही, म्हणून तिथे सुटकेसा, झाडू, गणपतीचं मखर आणि दिवाळीचे दिवे बसतात. दार नेहमी थोडं उघडं ठेवायची आत्याची पद्धत होती, हवा खेळावी म्हणून. मी पुरचुंडी एका हुकाला टांगली, वर ओला टॉवेल गुंडाळला, आणि काकडीचा वास बाहेर येऊन माझं गुपित फुटू नये म्हणून ते लोखंडी दार घट्ट लावून घेतलं. अक्कल म्हणतात ती ही.

त्याच आठवड्यात बँकेत ऑडिट लागलं आणि मी पुरचुंडी साफ विसरलो.

आठवण करून दिली ती समोरच्या चिनी आंटीनं. सकाळी मी बूट घालत असताना तिनं जाळीच्या दाराआडून नाक दाबून विचारलं, "अय्या, युअर हाउस समथिंग डाय, इज इट?"

"नो नो, आंटी," मी म्हणालो, आणि मग मला तो वास आला. काकडीचा नव्हे. जुने मोजे ताकात भिजवून कुणी उन्हात ठेवल्यासारखा.

मी परत वळेपर्यंत आत घरातही तो पोचला होता. काकांनी हातात रबरी मोजे चढवले होते. "उंदीर मेलाय शेल्टरमध्ये. दार कुणी लावलं?"

"मी बघतो काका, तुम्ही बाजूला व्हा," मी दारासमोर आडवा झालो.

"तुला उंदराची भीती वाटते मिल्या. व्हा हो पुढे अमोघ."

अमोघनं कडी फिरवली. दार उघडलं, आणि जो भपकारा बाहेर आला त्यानं आत्या मागे सरून शू-रॅकवर बसली. आत अंधारात, गणपतीच्या मखराच्या वर, हुकाला एक मुंडकं लटकत होतं. माझ्या पंचाच्या विणीतून पांढऱ्या मुळ्या बाहेर आल्या होत्या, हातभर लांब, आणि त्यांवर करड्या बुरशीच्या जटा. एखाद्या तपस्व्याचं शिर कुणी उडवून टांगून ठेवावं तसं. काकांनी चक्क हात जोडले.

"हे काय आहे?" आत्या म्हणाली.

मग तिनं पंचाचा काठ ओळखला. सातारचा पंचा, तिनंच मला आणून दिलेला.

"सत्त्व," मी म्हणालो. "बाळासाठी. मामानं केलेलं."

अमोघनं वाकून हात लावला आणि म्हणाला, "आतून अजून गरम आहे. ढीग तापतो." त्या क्षणीही. तशाही वासात त्याचं ज्ञान शाबूत.

मग आत्या उठली, आणि ती नजर मी दुसऱ्यांदा पाहिली. "मेल्या! गधड्या! ही विषाची पुडी तू त्या पोराच्या तोंडात घालणार होतास? अरे, तुला शेंगदाणे भाजता येत नाहीत, तू मोड आणायला निघालास? विचारायला तोंड शिवलं होतं का तुझं? लहानपणी माझ्या लोणच्याच्या बरणीत बेडूक टाकलास तेव्हाच तुला वहिनीकडे परत पाठवायला हवं होतं! आणि दार लावून घेतो वर! ऑफिसला जायचं नाही, आधी ती खोली धुवायची, आणि तो पंचा जाळायचा, आणि डोक्यावरून आंघोळ करायची, समजलं?" शेजारच्या दोन घरांची दारं उघडली होती. आंटी सगळं कळल्यासारखी मान हलवत होती. बेडकाचं खरं होतं. पण तो मी टाकला नव्हता, तो स्वतः गेला होता.

मी बादली घेऊन खोली घासायला बसलो. थोड्या वेळानं अमोघही दुसरा ब्रश घेऊन आला आणि समोरची भिंत घासायला लागला. मला तेही आवडलं नाही. माझी शिक्षासुद्धा हा अर्धी घेणार.

"तुझी मजा आहे बाबा," तो म्हणाला.

"कसली मजा?"

"मी एवढ्या दिवसांत काकूंच्या डब्याचं झाकण हरवलं, कुकरची शिटी जाळली, परवा काचेचं भांडं फोडलं. दर वेळी त्या म्हणतात, 'असू द्या हो अमोघ.'" तो भिंतीकडेच बघत होता. "माझी आई गेल्यापासून माझ्यावर कुणी असं ओरडलेलं नाही. मी तिथे उभा होतो ना मघाशी, मला वाटलं, एखादी तरी शिवी इकडे यावी."

त्याची आई गेलेली आहे हे मला तेव्हा कळलं. इथे मला गहिवरून आलं आणि माझ्या मनातलं किल्मिष धुतलं गेलं, असं लिहिलं तर प्रकरण शोभून दिसेल. खरं सांगायचं तर मला गुदगुल्या झाल्या. ह्या माणसाला माझ्याकडचं काहीतरी हवं होतं! मी ब्रश जरा जोरात फिरवला आणि म्हणालो, "सवय लागते रे. तसं सोपं नाही ते."

मुग्धाला हे सगळं फोनवर कळलं, तशी ती त्याच संध्याकाळी बाळासकट हजर. हसून हसून तिला पोर काकांकडे द्यावं लागलं. "दादा, अरे मामा म्हणून तूच बसणार होतास! त्यात विचारायचं काय होतं?"

"तू 'बघू या' म्हणालीस."

"बाबांना मी दुसरं काय म्हणणार? कशालाही हो म्हटलं की ते कामांची यादी काढतात, नाही म्हटलं की कारणं मागतात."

म्हणजे एवढं सगळं उगाच. मी झब्बा इस्त्रीला टाकला.

उष्टावणाच्या दिवशी हॉलमध्ये माणसं मावत नव्हती. यिशुन, सेरंगून, जुरोंग, तिन्हीकडची मराठी मंडळी, आणि आंटीसुद्धा, शकुनाच्या पैशांचं लाल पाकीट घेऊन. माझ्या खोलीतली नाचणी वाळवून, भाजून, तीनदा गाळून तयार होती. बाळाची खीर चांदीच्या वाटीत आधी काढून ठेवली होती. मोठं पातेलं पाहुण्यांसाठी शेगडीवर, आणि ते ढवळायला अमोघ. मी पाटावर बसलो. ईशान माझ्या मांडीवर, कुंची घातलेला, जड आणि गरम. मुग्धानं अंगठी माझ्या हातात दिली. सगळ्या हॉलचे डोळे माझ्या बोटावर होते. आयुष्यात पहिल्यांदा कुणी "मीठ दे" म्हणत नव्हतं. मी अंगठी खिरीत बुडवली, त्याच्या जिभेला लावली. त्यानं ओठ मिटले, विचार केला, आणि मच्च करून चाटलं. कॅमेरे वर झाले.

आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून आत्याचा आवाज आला, असा की आंटीच्या हातातलं पाकीट पडलं.

"अरे मेल्या! तुझ्या त्या भट्टीच्या गोष्टी सांगत बसलास आणि खीर लागली ना खाली! लक्ष कुठे असतं रे तुझं? गधडा कुठला!"

सगळ्या माना गर्रकन तिकडे वळल्या. कॅमेरेही. माझा भाचासुद्धा, हनुवटीवर खीर घेऊन, तिकडेच बघायला लागला. दारात अमोघ उभा होता. हातात करपलेला डाव, मागे धूर, आणि त्याच्या पाठीत आत्याचा धपाटा बसत होता. त्याच्या तोंडावर असं हसू होतं की जे मी त्या घरात कधी कुणाच्या तोंडावर पाहिलं नव्हतं, माझ्या तर नाहीच. त्याला माझी मांडी नको होती, अंगठी नको होती. त्याला हवं ते मिळालं होतं.

मी बाळाला दुसरं बोट चाटवलं. कुणी बघत नव्हतं. स्वयंपाकघरात आत्या अजून बोलत होती, आणि मी कान देऊन ऐकत होतो: गधड्या झालं, मेल्या दोनदा झालं, आणि आता ती 'तुला अक्कल कधी येणार' पर्यंत पोचली होती. ते वाक्य तिनं आजवर फक्त मला म्हटलं होतं.